राणीला घेऊन बेटाकडे

“पेटीत काय आहे ते आधी सांगा, मग चढवतो,” खलाशी म्हणाला.

“सांगितलं की तुला. पाहुणे आहेत,” माशीकाकू म्हणाल्या.

“पाहुणे? पेटीत? किती आहेत?”

“मोजायला कधी बसले नाही बाबा. वीसेक हजार असतील.”

खलाशाने हसतहसत पेटीला कान लावला आणि चटका बसल्यासारखा मागे उडाला. “अहो काकू! ह्यात माश्या आहेत!”

“हळू बोल. लांबून आल्यात, दमल्यात बिचाऱ्या.”

धक्क्यावरची माणसं भराभर चार पावलं मागे सरली. काकूंच्या मागे उभे असलेले शिंपीकाका, म्हणजे त्यांचे यजमान, ते तर आधीपासूनच चार पावलं मागे होते. हातात कापडी पिशवी, अंगात स्वतः शिवलेला तपकिरी कोट, आणि चेहऱ्यावर ‘ही बाई कोण, मला माहीत नाही’ असा भाव.

गलका ऐकून कप्तानाने वरच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “काय लावलंय रे? वारा वाढतोय, आपल्याला निघायचंय.”

“ह्या काकू मधमाश्या घेऊन चालल्यात!”

कप्तानाने पेटीकडे पाहिलं, मग काकूंकडे. “कोणाकडे चाललात?”

“माझ्या ताईकडे. चढावरची बाग तिची.”

“सफरचंदांची?” कप्तानाचा आवाज एकदम बदलला. “मग माश्या नेऊन काय करणार? गेल्या वर्षी आलेली पेटी मीच उतरवली होती. एक जिवंत नव्हती.”

“ती कोणी बरोबर नसताना आली होती. हिच्याबरोबर मी आहे.”

कप्तानाने बोटीच्या मागच्या टोकाकडे बोट दाखवलं. “मागच्या डेकवर ठेवा. पक्की बांधा. पण काकू, एक जरी माशी आत प्रवाशांत आली ना, तर पेटी समुद्रात. मग मला बोल लावायचा नाही.”

“एक पण येणार नाही,” काकू म्हणाल्या. तेव्हा त्यांना हे खरंच वाटत होतं.

आता ही पेटी का निघाली, ते सांगितलं पाहिजे. बेटावर पूर्वी रानमाश्या पुष्कळ होत्या. मग एक हिवाळा असा आला की वादळं संपेचनात, आणि त्यात त्या सगळ्या मेल्या. वसंतात झाडं फुलली, बाग पांढरी झाली, फुलं गळून पडली, आणि फांद्यांवर काही नाही. फुलाफुलावर कोणी हिंडायलाच नव्हतं. ताई आणि तिच्या शेजारणी रंगाचे बारीक ब्रश घेऊन शिड्यांवर चढल्या. सकाळपासून मान मोडेपर्यंत फुलाफुलाला पराग लावला, तरी टोपलीभर फळं धरली नाहीत. पुढच्या वर्षी कोणीतरी मालाच्या बोटीने पेटी मागवली, ती मेलेली आली. तेव्हापासून बेटावर सगळे म्हणू लागले की माशी समुद्र ओलांडतच नाही. ह्या वर्षी ताईने फोनवर सांगून टाकलं, “छोटे, फुलं आलीत. ह्याही वेळी काही धरलं नाही तर मी झाडं कापायला देणार. आरीवाल्याला बोलून ठेवलंय. निदान सरपण तरी होईल.”

ताईचे यजमान गेले त्याला बरीच वर्षं झाली. ती बाग त्यांनी लावलेली. ‘सरपण’ हा शब्द ताईच्या तोंडून आला, आणि काकूंनी त्याच दिवशी गच्चीवरची सगळ्यात दणकट पेटी निवडली.

काकूंना माश्यांचं वेड वडिलांकडून आलं होतं. वडील पेट्या ट्रकवर चढवून ह्या बागेतून त्या बागेत नेत. परकर सावरत ट्रकच्या टपावर बसणारी मुलगी गावात ती एकटीच. वडिलांनी दोन गोष्टी शिकवल्या. एक, झाकण उघडायच्या आधी कान लाव, माशी सगळं सांगते. दुसरी, गाडीवर पेटी ठेवताना आतल्या चौकटी रस्त्याच्या दिशेने ठेव. पेटीत मेणाच्या पोळ्यांच्या लाकडी चौकटी असतात, कपाटातल्या पुस्तकांसारख्या एकीला एक लागून उभ्या. गाडीने ब्रेक मारला की धक्का पुढून येतो. चौकटी रस्त्याच्या दिशेने असल्या तर जागच्या जागी राहतात. आडव्या असल्या तर एकमेकींवर आपटतात आणि मधल्या माश्या चिरडतात. राणी चिरडली की संपलंच. राणीवाचून पेटी म्हणजे भरलेलं पण ओस घर.

लग्न ठरलं तेव्हा मुलीने एकच अट घातली, एक पेटी बरोबर येईल. सासूबाई म्हणाल्या, “लोकांच्या सुना कपाट आणतात, आमची सून डंख घेऊन आली.” पण शिंपीकाकांनी वाद मिटवला. गच्ची तिची, दुकान माझं, आणि मधला जिना कोणाचाच नाही. तो करार त्यांनी आयुष्यभर पाळला. जिन्याच्या वळणापर्यंत येऊन ते हाक मारत, “अगं, शाळेच्या खिडकीत पोळं बसलंय, बोलवायला आलेत!” आणि हाक संपायच्या आत खाली. माशीची त्यांना इतकी धास्ती की मधाची बाटलीसुद्धा दुकानात लांबच्या फळीवर ठेवत.

असा माणूस बोटीवर का आला? काकूंनी विचारलं होतं, “अहो, तुम्ही कशाला येता? तुम्हाला बोट लागते, माश्या सोसत नाहीत.”

“एकटीने उचलणार आहेस पेटी?” काका म्हणाले. “शिवाय कोट शिवून झालाय. घालायला कुठे तरी जायला नको?”

तर अशी ही जोडी. पहाटे, माश्या बाहेर पडायच्या आत, काकूंनी पेटीच्या दारावर बारीक जाळी ठोकली, वरचं झाकण काढून बरोबर घेतलं, तिथेही जाळी लावली म्हणजे आतल्यांना हवा मिळेल, आणि चौकटींच्या मधे लाकडी पाचरी मारल्या. बोटीवर त्यांनी पेटी मागच्या डेकवर, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी ठेवली, चौकटी बोटीच्या नाकाच्या दिशेने. हात आपोआप तसे वळले. खलाशाने दोर ओढून गाठी मारल्या.

“हलणार नाही बघा,” तो म्हणाला.

बोट धक्क्यापासून सुटली. ताईला भेटून किती दिवस झाले! समुद्रावर ऊन चमकत होतं. धक्का मागे मागे जात होता, गोदामांची छपरं काड्यापेट्यांएवढी झाली. काकू कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि मुलीसारख्या ओरडल्या, “अहो, बघा तरी! केवढं पाणी!”

“बघतोय,” काका म्हणाले. त्यांनी डोळे गच्च मिटले होते.

खाडीचं तोंड ओलांडलं आणि खेळ बदलला. उघड्या समुद्रावर वारा डाव्या बाजूने येत होता. पहिली मोठी लाट आली, तेव्हा बोट उजवीकडे कलली, इतकी की कोंबड्यांचं खुराडं सरकून कठड्याला टेकलं आणि आतल्या कोंबड्यांनी आकांत केला. मग बोट डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे. आतल्या बाकांवरून पिशव्या घरंगळत इकडून तिकडे जाऊ लागल्या. एका बाईचा डबा उघडला आणि भाकऱ्या चाकासारख्या पळाल्या. माणसं ओरडत होती, हसत होती, एकमेकांना धरत होती. खलाशी दारात येऊन ओरडला, “सगळे आत! मागच्या डेकवर कोणी थांबायचं नाही!”

“मी पेटीजवळ थांबते,” काकू म्हणाल्या.

“काकू, लाट आली तर—”

“आत्ताच तर म्हणालास, हलणार नाही म्हणून.”

त्यांनी एक हात दोराला घातला आणि गुडघ्यावर बसून पेटीला कान लावला. इंजिनची धडधड, वाऱ्याचा घोंगाट, कोंबड्यांचा कलकलाट. हे सगळं बाजूला सारून काकू जिवाचा कान करून ऐकू लागल्या. आधी माश्यांचा आवाज जाड होता, एकसारखा, चिडलेला पण ठीक. मग त्यांना आणखी एक आवाज ऐकू आला.

ठक.

बोट उजवीकडे कलली. ठक-ठक. डावीकडे कलली. ठक-ठक-ठक.

पाचरी सुटल्या होत्या. आतल्या चौकटी एकमेकींवर आपटत होत्या. पण का? रस्त्याच्या दिशेने तर ठेवल्यात! आयुष्यभर ठेवल्या तशाच—

आणि मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. रस्ता कुठला आलाय इथे? ट्रक पुढेमागे हिसके देतो. बोट कुशीवरून कुशीवर लोळते! समुद्रावर धक्का पुढून येत नाही, बाजूने येतो. चौकटी आडव्या हव्या होत्या, आणि त्यांनी सवयीने नाकाच्या दिशेने ठेवल्या. प्रत्येक लाटेला दोन पोळ्यांच्या मधे माश्या चिरडत होत्या. राणी ह्यातल्याच कुठल्यातरी फटीत चालत होती.

काकू उठल्या, धडपडल्या, भिंतीला धरत कप्तानाच्या शिडीपाशी पोचल्या आणि खालूनच ओरडल्या, “कप्तान! बोट वळवा!”

“काय?”

“नाक लाटांकडे करा! थोडा वेळ! माझी पेटी फिरवायची आहे!”

कप्तानाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “काकू, पेटी तुमची चुकली म्हणून मी बोट फिरवू?”

“हो!”

“लोक काय म्हणतील?”

“नाहीतरी सगळे पोट धरून बसलेत, काही म्हणायच्या स्थितीत कोणी नाही! राणी मरेल हो! ती मेली की ताई झाडं कापणार!”

कप्तानाने समोरच्या लाटेकडे पाहिलं. बेटावरच्या प्रत्येकाने त्या बागेची सफरचंदं खाल्ली होती, त्यानेही. “मी सांगेन तेव्हाच,” तो ओरडला. “नाक वाऱ्यात फार वेळ धरता येणार नाही. दोघं जण लागतील. खलाशी दोर धरेल, पेटी तुम्ही उचलायची. माझा माणूस माश्यांना हात लावणार नाही, आधीच सांगतो.”

दोघं जण. काकू आत धावल्या. शिंपीकाका बाकावर हिरवेपिवळे होऊन बसले होते, मांडीवर पिशवी आणि पिशवीत तोंड.

“अहो, उठा.”

“उठलो तर पडेन.”

“मग पडा, पण बाहेर येऊन पडा. पेटी फिरवायची आहे.”

काकांनी मान वर केली. “मी? पेटीला हात?”

“उचलायलाच आलात ना?”

“धक्क्यावर उचलायला आलो होतो! स्थिर जमिनीवर!”

“अहो, राणी…” काकूंना पुढे बोलता येईना. काकांनी लग्नापासून आजपर्यंत बायकोला रडकुंडीला आलेलं फार कमी वेळा पाहिलं होतं. त्यांनी पिशवी शेजारच्या बाईच्या मांडीवर ठेवली, कोटाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावली, कॉलर वर केली आणि म्हणाले, “चल. पण लवकर, मन बदलायच्या आत.”

मागच्या डेकवर पाणी खेळत होतं. दोघं गुडघ्यांवर सरपटतच पेटीपाशी गेले. खलाशाने एका हाताने खांब धरला, दुसऱ्याने दोराची गाठ. बोट हळूहळू वळू लागली. वळताना एका लाटेवर ती अशी काही आपटली की काका काकूंच्या अंगावर आणि काकू खुराड्यावर. मग एकदम ते कुशीवरचं लोळणं थांबलं. आता बोट नाकाने वर चढत होती आणि नाकानेच खाली आपटत होती. पोट घशात येत होतं, पण पेटीतलं ठकठक बंद झालं!

“आता!” वरून आरोळी आली.

खलाशाने गाठ सोडली. “उचला!” काकू ओरडल्या. पेटी मधाने भरलेली, जड. दोघांनी उचलली, अर्धी फिरवली, आणि तेवढ्यात बोटीचं नाक खाली गेलं. पेटी निसटली, डेकवर टेकली, आणि तिचा कोपरा खुराड्याला लागून दारावरची जाळी एका टोकाला उचकटली.

पहिली माशी बाहेर आली. मग दुसरी. मग पाचसात.

“अगं,” काका अगदी बारीक आवाजात म्हणाले, “मानेवर काहीतरी चालतंय.”

“चालू दे. पत्ता विचारत असेल.”

“कानाकडे निघालीय.”

“हलू नका. पेटी सोडू नका. जाळीवर तळहात दाबा!”

“तळहात? उघडा?”

“मग काय, हातमोजा शिवून आणता आत्ता?”

शिंपीकाकांनी डोळे मिटले आणि माशीची एवढी धास्ती घेतलेल्या त्या माणसाने आपला सुईदोऱ्याने घट्टे पडलेला तळहात त्या फटीवर दाबला. एक डंख बसला. त्यांनी दात आवळले. दुसरा बसला. “आई गं!” पण हात हलला नाही. काकूंनी एकटीने पेटीचं दुसरं टोक खेचलं, सगळं अंग लावून, आणि चौकटी आडव्या झाल्या. कप्तान बोलल्याप्रमाणे खलाशी माश्यांना हात लावणार नव्हता, पण त्याने गाठ मारता मारता काकांच्या हाताखाली लाकडाची ढलपी सरकवली आणि फट बंद केली. त्याला एक डंख बसला तेव्हा त्याने अशी शिवी दिली की वारासुद्धा क्षणभर थबकला असेल.

“झालं!” काकू ओरडल्या. “कप्तान, झालं!”

बोट पुन्हा बेटाकडे वळली आणि पुन्हा कुशीवर लोळायला लागली. काकूंनी कान लावला. इंजिन. वारा. कोंबड्या. ठकठक नाही.

“काय म्हणते?” काकांनी विचारलं. त्यांचा हात भोपळ्यासारखा सुजला होता आणि चेहरा, नवल म्हणजे, लाल आणि टवटवीत झाला होता. बोट लागायचं ते विसरूनच गेले होते.

“चिडलेल्या आहेत.”

“ते मला कळलं. राणी?”

राणी मेली की पेटीचा सूर बदलतो, रडल्यासारखा होतो, पण ते लगेच नाही, काही तासांनी. आत्ता कान लावून काहीच कळणार नव्हतं. सुटून उडालेल्या माश्या वाऱ्याने नेल्या. कप्तानाने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. उलट दुपारी बेट दिसलं तेव्हा त्याने भोंगा वाजवला, एकदा नाही, लांबच लांब. धक्क्यावरच्या लोकांना वाटलं काहीतरी विपरीत घडलं. ते धावत आले.

ताई पुढेच होती. “छोटे! अगं, भिजून चिंब झालीस! आणि भाऊजी, हाताला काय झालं?”

“तुमच्या बहिणीच्या माहेरच्यांनी हात मिळवला,” काका म्हणाले.

पण काकू थांबल्या नाहीत. पेटी हातगाडीवर चढवून, स्वतः गाडीला हात लावून त्या चढ चढल्या. मागे ताई, तिच्या शेजारणी, धक्क्यावरचे रिकामटेकडे, आणि सुट्टी नसतानाही कप्तान. बाग अशी फुलली होती की फांद्या दिसत नव्हत्या. आणि त्या एवढ्या फुलोऱ्यात गुणगुण नव्हती. काकू दारातच क्षणभर थबकल्या. फुललेली आणि मुकी बाग त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

पेटी एका झाडाखाली विटांवर ठेवली. थोडी शांत होऊ दिली. मग काकूंनी चिंध्यांचा धूर केला, वरची जाळी काढली आणि एकेक चौकट उचलायला सुरुवात केली.

पहिल्या चौकटीवर माश्या, राणी नाही. दुसरीवर पोळं एका बाजूने चेपलेलं, त्यात चिरडलेल्या माश्या. ताईने तोंडावर हात ठेवला. तिसरी, तीही तशीच. पेटीच्या तळाशी मेलेल्यांचा ढीग होता, ओंजळी भरतील एवढा. चौथी. पाचवी.

“नाही का गं?” ताई हळूच म्हणाली.

“थांब.”

शेवटच्या आधीच्या चौकटीवर माश्यांचा एक घोळका होता, गच्च, तोंडं सगळी आत वळलेली. काकूंनी बोटाने त्यांना अलगद बाजूला केलं. आत ती होती. लांब, तांबूस, एक पंख जरासा चुरगळलेला, पण चालत होती. पोळ्यातल्या एका रिकाम्या घरात तिने डोकं घालून पाहिलं, मग वळली, पोट आत घातलं आणि अंडं टाकलं.

“घालतेय!” काकू किंचाळल्या. “अगं ताई, अंडं घालतेय! एवढं सगळं झालं आणि ही बया कामाला लागली!”

ताई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. शेजारणींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. कप्तान उगीचच कोणाच्या तरी पाठीत धपाटे घालत होता. शिंपीकाका, सुजलेला हात वर धरून, गर्दीतून वाट काढत पेटीच्या अगदी जवळ आले, वाकले आणि म्हणाले, “कुठाय, दाखव तरी. जिच्यासाठी डंख खाल्ले तिचं तोंड बघू दे.”

काकूंनी दाखवली. मग चौकटी पुन्हा बसवल्या, झाकण लावलं आणि दारावरची जाळी काढली. थोडा वेळ कोणी बाहेर आलं नाही. मग एक माशी उंबऱ्यावर आली, पाय पुसल्यासारखे केले, उडाली, पेटीकडे तोंड करून हवेत झुलली, जागा डोळ्यांत भरून घेतली. तिच्यामागून दहा आल्या. मग पन्नास. ताईच्या डोक्यावरच्या फांदीत पहिली गुणगुण झाली.

सगळे पेटीसमोर घोळका करून, तोंड उघडं टाकून वर बघत उभे होते. त्यांच्या अंगावर आपटून माश्या मागे फिरत होत्या.

“अहो, सरका की बाजूला!” काकूंनी कप्तानाला कोपराने ढकललं, आपल्या यजमानांना ओढलं, ताईला हाताला धरून बाजूला केलं. “दारातच काय उभे राहिलात सगळे? कामाला जायचंय त्यांना!”